काळ्या मातीचा पट्टा

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांपैकीं अलाबामा हें दक्षिणेकडील एक संस्थान. त्याचे ६७ परगणे आहेत. कोणत्या परगण्यांत कोणत्या वंशाचे लोक राहतात, हें दाखविणारा नकाशा पाहिला तर एक गोष्ट चटकन् नजरेंत भरते. संस्थानाच्या मध्यभागीं पूर्वपश्चिम असा एक पट्टा आहे. तेथें कृष्णवर्णी लोकांची बहुसंख्या आहे. उत्तरेकडील डोंगराळ भागांत मात्र ते अगदीं तुरळक. हा भेद कशानें पडला?

त्याचें उत्तर माणसांच्या आधीं मातींत शोधावें लागतें. कोट्यवधि वर्षांपूर्वीं तेथें समुद्र होता. त्याच्या तळाशीं सांचलेल्या खडूच्या थरांवर पुढें काळी, सुपीक जमीन तयार झाली. या प्रांताचे मूळचे धनी क्रीक, चोक्टॉ इत्यादि लोक. क्रीक लोकांना १८३६ सालीं बळानें पश्चिमेकडे हांकलून देण्यांत आलें, आणि काळ्या जमिनींत गोऱ्या मळेवाल्यांनीं गुलामांकडून कापूस पिकविला. १८६० च्या खानेसुमारींत संस्थानाची लोकसंख्या ९,६४,२०१ भरली. त्यांत ४,३५,०८० गुलाम होते. या भागास ‘काळा पट्टा’ म्हणतात. तें नांव प्रथम मातीच्या रंगावरून पडलें व मागाहून माणसांस लागलें, असें टस्कीगी विद्यालयाचे चालक बुकर टी. वॉशिंग्टन यांनीं १९०१ सालीं नमूद केलें आहे.

डोंगराळ विन्स्टन परगण्यांत मात्र १८६० सालीं अवघे १२२ गुलाम होते. जमीन हलकी, शेतें लहान. मळेवाल्यांसाठीं लढण्याचें तेथील शेतकऱ्यांस कारण दिसेना. १८६१ त अलाबामा फुटून निघालें, तेव्हां विन्स्टनचे प्रतिनिधि ख्रिस्तोफर शीट्स या एकवीस वर्षांच्या शिक्षकानें त्या ठरावावर सही करण्याचें नाकारलें व पुढें तुरुंगवास सोसला. याच युद्धामुळें इंग्लंडास अमेरिकन कापूस मिळेनासा होऊन मुंबईच्या बाजारांत पैशाचा पूर लोटला होता.

१८६५ त गुलामगिरी गेली. पण १९०१ च्या राज्यघटनेनें साक्षरतेच्या व कराच्या अटी घालून कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ हिरावून घेतला. लाउंड्स परगण्यांत शेंकडा ऐशींच्या सुमारास कृष्णवर्णी असतांहि १९६५ च्या आरंभीं त्यांपैकीं एकाचेंहि नांव मतदारांच्या यादींत नव्हतें. त्या वर्षीं ७ मार्च रोजीं शेजारच्या सेल्मा गांवीं हक्क मागण्यास निघालेल्या निःशस्त्र मिरवणुकीवर पोलिसांनीं लाठ्या चालविल्या. देश हादरला, आणि ६ ऑगस्ट रोजीं मताधिकाराचा कायदा झाला. १९७० सालीं जॉन ह्यूलेट हे कृष्णवर्णी गृहस्थ लाउंड्सचे शेरिफ म्हणून निवडून आले.

तोंपर्यंत पुष्कळांनीं पोटासाठीं बर्मिंगहॅमचे लोखंडाचे कारखाने व उत्तरेकडील शहरें गांठलीं होतीं. १९०० सालीं लाउंड्सची वस्ती ३५ हजारांवर होती. २०२० त ती १० हजारांच्या आसपास उरली. ज्यांच्या घामानें ती काळी जमीन पिकली, त्यांच्या हातीं तेथील सत्तेचा वांटा आला, तोंवर त्यांचीं बहुतेक घरें रिकामीं झालीं होतीं.