अडॅप्टरच्या पाठीवरचा इतिहास

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की बेंगळुरूला, घरात एक खण असतोच, ज्यात जुने चार्जर, वायरी आणि अडॅप्टर यांचा गुंता पडलेला असतो. आजचा भाग त्या खणातून निघालाय.

काही वर्षांपूर्वी भाच्याने मला अमेरिकेहून एक मोठी एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणून दिली. जुन्या माणसांच्या ज्या मुलाखती मी घेते, त्या तिच्यात साठवत गेले. अडॅप्टरला दोन चपट्या पिना होत्या, म्हणून मी पिना बदलणारा छोटा कन्व्हर्टर लावला होता. घरी येणारा प्रत्येकजण सांगायचा, "अहो, तिकडे वीज ११० ची, आपली २३० ची. एक दिवस जळेल हे." दोन वर्षं काही झालं नाही, पण भीती मनात राहिलीच. शेवटी एक दिवस मी खणातून आपल्या गोल पिनांचा अडॅप्टर काढला. त्याचं टोक डिस्कमध्ये नेमकं बसलं. दिवा लागला, क्षणात विझला, आणि जळका वास आला. तो लॅपटॉपचा अडॅप्टर होता, १९ व्होल्टचा. डिस्कला हवे होते १२.

अकरा मुलाखती गेल्या. त्यातली दोन माणसं आज हयात नाहीत. दुसरी प्रत मी ठेवली नव्हती. तेव्हापासून मला प्रश्न पडला, की मुळात ही ११० आणि २३० ची भानगड आली कुठून?

४ सप्टेंबर १८८२. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं. वीज होती डीसी, सुमारे ११० व्होल्टची, कारण त्याचे कार्बन तंतूचे दिवे त्या दाबावर नीट चालायचे. पुढे अमेरिकेत एसी वीज आली, तरी घरातलं व्होल्टेज त्याच्या आसपासच राहिलं. लाखो दिवे आणि उपकरणं कोण बदलणार?

बर्लिनने ते धाडस केलं. १८९९ मध्ये तिथल्या वीज कंपनीने २२० व्होल्टवर जायचं ठरवलं. व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढ्याच कामाला करंट निम्मा लागतो, म्हणजे त्याच तारांतून जास्त वीज देता येते. तांब्यात जी बचत झाली, त्यातून ग्राहकांची उपकरणं बदलून देण्याचा खर्च निघाला. युरोप त्याच वाटेने गेला, ब्रिटनही त्याच घरातलं, आणि ब्रिटनमागून आपण. जपानची गंमत वेगळीच. तिथे व्होल्टेज १०० चं, पण टोकियोने १८९५ मध्ये जर्मन जनित्र घेतलं, ५० हर्ट्झचं, आणि ओसाकाने पुढच्या वर्षी अमेरिकन, ६० हर्ट्झचं. देश आजही दोन भागांत विभागलेला आहे. २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेला विजेची टंचाई झाली, तेव्हा पश्चिमेकडून पुरेशी वीज पाठवता आली नाही.

आता पिना. आपल्या गोल पिना १९३४ च्या ब्रिटिश मानकातल्या. १९४७ मध्ये ब्रिटनने स्वतःसाठी चौकोनी पिनांचं नवं मानक आणलं. त्याच वर्षी आपण स्वतंत्र झालो आणि गोल पिनाच पुढे चालवल्या. इंग्रजांनी सोडलेला प्लग आपण अजून सांभाळतोय.

मग माझा अमेरिकन अडॅप्टर दोन वर्षं कसा टिकला? जुने अडॅप्टर आठवा, हातात जड लागायचे. आत लोखंडाच्या गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर असे. १२० चे १२ करायचे, एवढंच त्याला ठाऊक. २३० दिले की बाहेर दुप्पट यायचे आणि तो स्वतःही जळायचा. लोकांची भीती त्या काळातली, आणि तेव्हा ती खरी होती. नंतर स्विचिंग पद्धत आली. १९७७ च्या 'ॲपल टू' संगणकातही ती होती. यात आलेल्या विजेची आधी डीसी करतात, मग ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात, आणि बाहेर किती व्होल्ट जातात यावर सर्किट सतत नजर ठेवतं. म्हणून टोकियोचे १०० असोत की आपले २३०, बाहेर येतात ते १२ च.

तुमच्या अडॅप्टरच्या पाठीवर 'इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं छापलं असेल, तर एडिसन, बर्लिन, टोकियो, ओसाका यांचं सगळं भांडण त्या एका ओळीत मिटलेलं आहे. तिथे फक्त पिना बदलायच्या. पण तिथे नुसतं '१२० व्होल्ट' असेल, तर तो आपल्या भिंतीला लावू नका. पिनांचा कन्व्हर्टर आकार बदलतो, व्होल्टेज नाही.

मी न वाचलेली ओळ त्याखालची होती, 'आउटपुट'. तिथले व्होल्ट डिस्कवर लिहिले असतील तेवढेच हवेत, आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. टोकाची धन-ऋण खूणही जुळायला हवी. टोक बसलं म्हणजे अडॅप्टर जुळला, असं नाही.

हे १२ व्होल्ट तबकड्या फिरवणाऱ्या मोटरसाठी. १९८० च्या सीगेटच्या सव्वापाच इंची डिस्कलाही इलेक्ट्रॉनिक्ससाठी ५ आणि मोटरसाठी १२ लागत. टेबलावरच्या साडेतीन इंची डिस्कला अजून तेच लागतात. अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर भागवते, तेवढे यूएसबीतूनच मिळतात. म्हणून परदेशातून कुणी आणणार असेल, तर मी अडीच इंचीच मागवते. हमी इथे चालेल का, तेही आधी विचारते.

आता माझ्याकडे प्रत्येक मुलाखतीच्या दोन प्रती आहेत, दोन वेगळ्या घरांत. आणि प्रत्येक अडॅप्टरवर चिकटपट्टी लावून लिहिलंय, हा कुणाचा ते. आज तुम्हीही तो खण उघडा. भेटू पुढच्या भागात.