माळव्यातील तालीम, लंगोट आणि रिठा
माळव्यातील धार आणि देवास ही १८ व्या शतकापासून १९४८ पर्यंत मराठा पवारांची संस्थाने होती, आणि कुस्ती व मल्लखांब ही दोन्ही अंगे जोपासणाऱ्या या मुलखात घामट कपड्यांची निगा हा तालमीच्या शिस्तीचाच भाग ठरत असे. मल्लखांबाच्या लाकडाला एरंडेल चोळतात. त्यामुळे लंगोटात घामाबरोबर तेलही मुरते. ताज्या घामाला वास जवळजवळ नसतो, तो त्वचेवरील जिवाणूंमुळे येतो, आणि तेलकट थर त्याला धरून ठेवतो.

सुती लंगोटाला परिटाची भट्टी, म्हणजे पापडखारासारख्या क्षारात भिजवून वाफ देण्याची रीत, सहज मानवे. रेशीम व लोकर हे प्राणिज, प्रथिनांचे धागे मात्र क्षाराने झिजतात, म्हणून त्यांच्यासाठी रिठा. बी काढलेली टरफले रात्रभर भिजवून, कुस्करून, पाणी गाळून घेत. सॅपोनिन या द्रव्याने आलेल्या फेसात कापड न घासता नुसते दाबत, आणि न पिळता सावलीत वाळवत.

१९४१ मध्ये इंग्लंडात शोधलेले पॉलिएस्टर पुढे खेळाच्या कपड्यांत आले, तेव्हा अडचण उलटली: हा धागा पाणी फारसे शोषत नाही, पण तेल घट्ट धरतो, आणि अशा कपड्यांतील लवचिक धाग्यांना भट्टीची उष्णता सोसत नाही. जुनी सौम्य रीत येथे भट्टीपेक्षा शहाणी वाटते, तरी मुरलेल्या तेलापुढे एकटा रिठा बहुधा अपुराच पडतो.