नवजात बाळाला सुई टोचताना वेदना कशी कमी कराल?

जन्मानंतर पहिल्या एक-दोन दिवसांतच बाळाला बऱ्याचदा टोचावे लागते. व्हिटॅमिन केचे इंजेक्शन, बीसीजी आणि हिपॅटायटिस बीची लस, रक्तातील साखर किंवा थायरॉइडच्या तपासणीसाठी टाचेतून घेतलेले रक्त, हे सर्व गरजेचे आहे. मात्र त्या वेळची वेदना बरीच कमी करता येते.

बाळाला वेदना जाणवते का?

होय. १९८०च्या दशकापर्यंत अनेक डॉक्टर तसे मानत नसत. डॉ. कंवलजीत आनंद यांच्या १९८७ मधील संशोधनानंतर हा समज बदलला. कपाळावर आठ्या, घट्ट मिटलेले डोळे, आवळलेल्या मुठी आणि रडणे ही वेदनेची लक्षणे आहेत. कमी दिवसांचे अशक्त बाळ मात्र रडणारही नाही. म्हणून ‘रडले नाही म्हणजे दुखले नाही’ असे समजू नये.

काय करावे?

- स्तनपान: सर्वात सोपा आणि परिणामकारक उपाय. टोचण्याआधी काही मिनिटे बाळाला अंगावर घ्या. ते नीट ओढू लागले की मग टोचावे आणि नंतरही पाजत राहावे.
- त्वचेला त्वचेचा स्पर्श: बाळाला फक्त लंगोट ठेवून आईच्या उघड्या छातीवर घ्या, वरून पांघरूण घाला. आई नसेल तर वडीलही हे करू शकतात.
- हातपाय जवळ घेऊन धरणे: आईच्या पोटात असते तसे हातपाय दुमडून तळहातांनी हलकेच धरावे.
- साखरेचे द्रावण: स्तनपान शक्य नसेल तर रुग्णालयात २४ टक्के सुक्रोजचे काही थेंब सुमारे २ मिनिटे आधी जिभेवर देतात. मात्रा डॉक्टर ठरवतात.

रक्त जास्त लागणार असेल तर, कुशल हातांनी शिरेतून घेतलेले रक्त टाचेतून घेण्यापेक्षा कमी दुखते.

काय करू नये?

- मध, गुटी किंवा घरी केलेले साखरपाणी देऊ नये. मधामुळे बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.
- पॅरासिटामॉल आधीच देऊ नये. सुईच्या वेदनेवर त्याचा उपयोग होत नाही.
- बधिर करणारे मलम स्वतःहून लावू नये.
- टोचलेली जागा चोळू नये.

नर्सला काय सांगावे?

बऱ्याच ठिकाणी बाळाला टोचायला दुसऱ्या खोलीत नेतात. बाळाची तब्येत ठीक असेल तर ‘मी पाजत असताना टोचाल का?’ असे निःसंकोच विचारा. दूध पिताना टोचल्यास ठसका लागेल किंवा बाळ नंतर अंगावर पिणार नाही, ही भीती अनेकांना वाटते. अभ्यासांत तसे आढळलेले नाही.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

बाळ शांतच होत नसेल, दूध ओढत नसेल, सुस्त वाटत असेल, टोचलेल्या जागेतून रक्त थांबत नसेल किंवा ताप ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) वा अधिक असेल तर लगेच दाखवा.