मागच्या दारातून दिसलेलं स्टेशन

गेली दोन वर्षं आमच्या मधल्या खोलीतला दिवाण हा दिवाण राहिलेला नाही. त्यावर सहा फूट बाय अडीच फुटांचं प्लायवूड आहे आणि त्या प्लायवूडवर बार्शी टाऊन स्टेशन आहे. म्हणजे, आहे असा माझा दावा आहे. ह्यांच्या मते, पाहुणा आला तर झोपायला जागा नाही, एवढाच त्याचा अर्थ. पंचाहत्तरीची बाई, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि आता चष्म्यावर भिंग चढवून आगगाडीचे डबे चिकटवत बसते, यावर नातेवाइकांत काय बोललं जातं ते माझ्या कानावर येतं. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट सांगून टाकावं. (सवय! तास सुरू झाला की आधी पार्श्वभूमी.)

सुरुवात नातवाने केली. तो लहान असताना त्याला कर्वे रस्त्यावरचं जोशींचं रेल्वे संग्रहालय दाखवायला नेलं होतं. भाऊ जोशी या गृहस्थांनी छंद म्हणून जमवलेल्या आणि घडवलेल्या छोट्या गाड्यांचं अख्खं गाव तिथे १९९८ पासून लोकांना बघायला मिळू लागलं. पूल, बोगदे, घाट, दिवे लागलेली घरं, एका वेळी कितीतरी गाड्या. कार्टं तासभर तिथून हललं नाही. आणि निघताना म्हणालं, "आजी, यात तुझ्या गावची गाडी कुठाय?"

माझ्या गावची गाडी. आता काय सांगायचं याला?

मी बत्तीस वर्षं मुलांना रेल्वेचा धडा शिकवला. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब-सिंध-सुलतान ही तीन इंजिनं. झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. पण ज्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये मी जन्मले, जिच्या पगारावर आमचं घर चाललं, त्या बार्शी लाइट रेल्वेबद्दल वर्गात मी एक अवाक्षर काढलं नाही. पुस्तकात नव्हतं, परीक्षेला येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मालधक्क्यावरच्या कारकुनाची मुलगी हे पुण्यातल्या स्टाफरूममध्ये सांगावंसं वाटत नसे. असो.

तर आधी छंदाचा इतिहास. खेळण्यातल्या आगगाड्या फार जुन्या आहेत, पण पूर्वी मुलाला गाडी मिळाली की ती एक गाडी, तेवढीच. १८९१ साली जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीने लाइपझिगच्या व्यापारी मेळ्यात ठरावीक मापाचे, क्रमांक दिलेले रूळ मांडले आणि चित्र पालटलं. या वाढदिवसाला इंजिन, पुढच्या वर्षी डबा, मग सांधा, मग स्टेशन. खेळणं संपेनासं झालं. पुढे घरं लहान झाली तशा गाड्याही आकसल्या. 'शून्य' क्रमांकाचा रूळ ३२ मिलिमीटर रुंद, त्याच्या निम्मा म्हणून हाफ-झिरो, त्याचंच झालं एचओ : साडेसोळा मिलिमीटर रूळ, आणि सगळं काही खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याने.

इथे एक गंमत आहे. इंग्लंडची खरी इंजिनं अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने बारीक. १:८७ मापाने केली तर त्या काळची मोटर त्यात मावेना. मग इंग्रजांनी युक्ती काढली. वरचं कवच थोडं मोठं, १:७६ मापाचं केलं आणि रूळ तोच ठेवला, साडेसोळाचा! हिशोबाने तो पावणेएकोणीस मिलिमीटरच्याही थोडा वर हवा. १९३८ साली हॉर्नबी कंपनीने याच मापाच्या गाड्या 'डब्लो' नावाने बाजारात आणल्या आणि आजही तिकडचे बहुतेक छांदिष्ट याच चुकीच्या रुळावर गाड्या पळवतात. काहीजण मात्र हट्टाने रूळ स्वतः बांधतात. मला हे वाचून फार बरं वाटलं. थोडं खोटं चालवून घेतल्याशिवाय या छंदाचं पान हलत नाही.

आता आमची गाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर १८८२ साली जीआयपी रेल्वेत नोकरीला हिंदुस्थानात आला. बार्शी ही कापसाची मोठी पेठ, पण मुख्य लाइन वीस-बावीस मैल लांब, बार्शी रोडला (तेच आजचं कुर्डुवाडी). मधला सगळा प्रवास बैलगाडीने. कॅलथ्रॉपने १८९५ साली लंडनमध्ये कंपनी काढली आणि १८९७ साली अडीच फुटी रुळावरून बार्शीपर्यंत गाडी आणली. तोपर्यंत अरुंद गाडी म्हणजे तात्पुरतं, दुय्यम काम असा समज होता. याने काय केलं, इंजिन असो, डबा असो की वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही हे सूत्र धरलं. भार सारखा वाटला गेला म्हणजे हलके, स्वस्त रूळ चालतात आणि त्यावर लांबलचक, ऐसपैस डबे ओढता येतात. इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्याची, आठ चाकं जोडलेली आणि मागे आणखी चार. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज असा तिचा पसारा २०२ मैलांवर गेला. आषाढीच्या दिवसांत मालाच्या वाघिणींतूनही वारकरी बसलेले मी पाहिलेत. १ जानेवारी १९५४ ला सरकारने ती विकत घेतली, तेव्हा मी जेमतेम चार वर्षांची. पण आमचे अण्णा शेवटपर्यंत तिला 'कंपनीची गाडी'च म्हणत.

(या कॅलथ्रॉपला अरबी घोड्यांचाही नाद होता आणि पुढे त्याने विमानातून उडी मारायची हवाई छत्रीही तयार केली. पण ते लांबेल.)

लातूरच्या बाजूची लाइन टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज होत ऑक्टोबर २००८ मध्ये पूर्ण झाली. मी निवृत्त झाले तेही २००८ मध्येच. शेवटची छोटी गाडी बघायला दादाने कळवलं होतं. मी गेले नाही. पेन्शनचे कागद, निरोपसमारंभ, कारणं बरीच होती.

हे सगळं त्या दिवशी नातवाला सांगितलंच नाही. पण घरी आल्यावर वहीत एक गणित मांडलं. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर, भागिले ८७, उत्तर ८.७६. आणि बाजारात 'एन' नावाच्या त्याहून लहान गाड्यांचा रूळ मिळतो, तो ९ मिलिमीटरचा! पाव मिलिमीटरची चूक. ती कोण बघतंय? म्हणजे एन गेजचा रूळ घ्यायचा, त्याच मापाच्या इंजिनाची चाकं नि मोटर घ्यायची आणि वर आपलं १:८७ मापाचं कवच बसवायचं. जगभरचे नॅरोगेजवाले असंच करतात हे मला नंतर कळलं. वही मात्र कपाटात पडून राहिली, कितीतरी वर्षं. दोन वर्षांपूर्वी आवराआवरीत सापडली, तेव्हा लेकाकडून परदेशातून रूळ मागवले.

पुढचं गणित मात्र पोटात गोळा आणणारं होतं. कुर्डुवाडी ते बार्शी सुमारे ३५ किलोमीटर. सत्त्याऐंशीने भागलं तरी चारशे मीटर! आमची मधली खोली बारा फूट. म्हणजे वाटेतली सगळी स्टेशनं, माळरान, सगळं गाळायचं आणि एकच जागा निवडायची. काय ठेवायचं, काय टाकायचं हे आजवर पाठ्यपुस्तक मंडळाने ठरवलं होतं. पहिल्यांदाच ते माझ्यावर आलं.

बाकी काम म्हणाल तर बायकांना सोपं आहे हो. रुळाखालची खडी म्हणजे विटेचा चुरा, पिठाच्या चाळणीने चाळलेला. तो पसरायचा आणि पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून ड्रॉपरने सोडायचा. साबणामुळे गोंद चुऱ्यात मुरतो, नाहीतर वर थेंब थेंब राहतो. आमच्याकडची काळी माती मी चहाच्या चोथ्याची केली, उन्हात कडक वाळवून. माळवदाची घरं पुठ्ठ्याची. इंजिनाला मात्र आठ जोडचाकं मिळाली नाहीत, सहावर भागवलं. सोल्डरिंगला मी घाबरत होते, पण तेही फोडणीसारखंच आहे, आधी नीट तापू द्यायचं. दोनदा चटका बसला, ते ह्यांना सांगितलेलं नाही.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. स्टेशन दिसत कसं होतं?

इंग्लंडमध्ये कॅलथ्रॉपने याच अडीच फुटी मापाची आणखी एक गाडी बांधली होती, लीक अँड मॅनिफोल्ड नावाची. ती आठ मैलांची, १९०४ मध्ये सुरू झाली नि १९३४ मध्ये बंद. तीस वर्षांचं आयुष्य, दोन इंजिनं. पण तिथल्या छांदिष्टांनी तिची मापं, नकाशे, डब्यांचा पिवळा रंगसुद्धा असा जपलाय की आज ज्याला हवी त्याने ती घरी उभी करावी. रॉय इंग्लंड नावाचा एक तरुण १९२५ साली ऑस्ट्रेलियातून तिकडे आला. खेड्यातली गवती छपरांची घरं बदलताना, पडताना बघून तो कासावीस झाला आणि मापं घेऊन ती पुठ्ठ्यात करू लागला. १९५४ साली लाँग विटनहॅम गावात त्याने संग्रहालय काढलं, तेच पेंडन. तो १९९५ मध्ये वारला, तरी त्याचं खेडं पुढचे लोक करतच राहिले. त्याचं एक बरं होतं. त्याने सुरुवात केली तेव्हा पुष्कळशी घरं उभी होती.

माझ्यापाशी एक फोटो नाही. अण्णांच्या ट्रंकेत पितळी बिल्ला आहे, बस्स. मग आठवणीने करायला घेतलं. लिंब, पाण्याची टाकी, मालधक्क्याची मागची भिंत, तिला टेकवलेल्या कापसाच्या गाठी, उभ्या वाघिणी. सगळं भराभरा झालं. आणि फलाटाच्या बाजूला आले तर हात थांबला. काहीच आठवेना. चार दिवस मला वाटलं, वय झालं, विसरले. मग लक्षात आलं, विसरायला मी ती बाजू पाहिलीच कुठे होती? आमच्या क्वार्टरचं मागचं दार यार्डाकडे उघडत असे. त्या उंबऱ्यावर बसून मी पाढे पाठ केले. पण मुलीच्या जातीने फलाटावर उगाच हिंडायचं नाही, हा अण्णांचा नियम. प्रवासाला निघालो की आईचा पदर धरून, खाली बघत थेट डब्यात. दादा मात्र दिवसभर तिकडेच.

त्यामुळे वर्षभर माझ्या स्टेशनची पुढची बाजू कोरा पांढरा पुठ्ठा होती. गाड्या चालवत होतोच आम्ही. नुसती गोल गोल फिरवण्यात दोन दिवसांत जीव कंटाळतो. खरी मजा वेळापत्रक लावण्यात आहे. अमेरिकेतल्या फ्रँक एलिसन नावाच्या माणसाने १९४४ साली लेखमाला लिहून हे छांदिष्टांना पटवून दिलं. घड्याळ वेगाने धरायचं, आमचा तास सहा मिनिटांचा. लाइन एकच, तेव्हा समोरची गाडी आल्याशिवाय आपली सोडायची नाही. नातू आता कॉलेजात आहे, पण रविवारी येऊन स्टेशनमास्तर होतो. मिक्स्ड गाडी आली की इंजिन सोडवा, रिकाम्या वाघिणी धक्क्याला लावा, भरलेल्या काढा, उलट्या क्रमाने. एक सांधा चुकला की सगळा गुंता. अण्णा घरी आल्यावर इतके गप्प का असत ते मला थोडं थोडं कळू लागलं.

दिवाळीत दादा सोलापूरहून आला. एक्क्याऐंशीचा आहे, गुडघे गेलेत. खुर्ची ओढून बसला, दहा मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, "आगं, मालधक्का उलटा केलाय की तू!"

"उलटा नाही रे. मी बसायचे तिथून असाच दिसायचा."

तो उठला, भिंतीला धरत धरत माझ्या बाजूला आला, वाकून बघितलं. "हां," म्हणाला. मग कोऱ्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने काढायला लागला. तिकिटाची खिडकी इथे. मास्तरांची खोली इथे. रुळाचा तुकडा टांगलेली घंटा इथे. ती घंटा मी रोज ऐकली होती, पाहिली कधीच नव्हती. दोन फुटी तुकडा, आमच्या मापाने सात मिलिमीटर, तारेचा केला. यार्डातल्या लाइनी दोन की तीन यावर मात्र आमचं जेवणापर्यंत भांडण झालं. तीनच होत्या. मी उंबऱ्यावरून मोजलेल्या आहेत.

मालधक्क्यात मी अण्णांना बसवलं होतं. एकोणीस मिलिमीटरचे अण्णा, खुर्चीत, पुढे टेबल आणि वही. दादाने चष्मा वर करून पाहिलं.

"हे कोण?"

"अण्णा."

"बसलेले? अण्णांना खुर्ची कुठली आली? काट्यापाशी उभं राहून लिहायचे. दिवसभर. वही डाव्या हातावर."

कंपनीच्या आणि पुढे सरकारच्या नोकरीत मिळून अण्णांची एकतीस वर्षं तिथे गेली. घरी आले की आई गरम पाणी द्यायची, ते पाय बुडवून बसत, आणि मला वाटे त्यांना आवडतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी ब्लेडने खुर्ची कापून काढली. बसलेला माणूस उभा करता येत नाही, गुडघ्यात मोडतो, म्हणून नवाच करायला घेतलाय. डाव्या हातावर वही चिकटली आहे. आता शर्ट खाकी की पांढरा, यावर दादाचे रोज फोन चालू आहेत.