समकक्ष परीक्षण

समकक्ष परीक्षण : संशोधनपत्रिकेकडे आलेला शोधनिबंध छापायचा की नाही हे ठरवण्याआधी तो त्याच विषयात काम करणाऱ्या, पण त्या संशोधनाशी संबंध नसलेल्या अभ्यासकांना वाचायला देऊन त्यांचे लेखी मत घेण्याची पद्धत. विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत ती ‘पीअर रिव्ह्यू’ याच नावाने ओळखली जाते. मत देणाऱ्यास परीक्षक, रेफरी किंवा रिव्ह्यूअर म्हणतात. परीक्षक सल्ला देतो, निर्णय संपादक घेतो. या पद्धतीविषयीचे बहुतेक गैरसमज हा भेद लक्षात न घेतल्याने होतात.

निबंध आला की पहिली चाळणी संपादकाच्या टेबलावरच लागते. विषय पत्रिकेच्या कक्षेत बसतो का, मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना, माणसांवर किंवा प्राण्यांवर प्रयोग केले असल्यास नीतिसमितीची परवानगी घेतली आहे का, एवढे पाहून अनेक निबंध तिथूनच साभार परत जातात. उरलेल्यांसाठी संपादक परीक्षक शोधतो, सहसा दोन किंवा तीन. निबंधाच्या संदर्भसूचीत ज्यांचे काम आहे, ज्यांनी तेच तंत्र वापरले आहे, अशांना विचारणा होते. लेखकाचा मार्गदर्शक, जुना सहलेखक, त्याच विभागातला सहकारी यांना वगळावे लागते. विषय अरुंद असेल तर हे फार अवघड जाते, कारण त्यातले सगळेच एकमेकांना ओळखत असतात. बहुतेक पत्रिका परीक्षणासाठी मानधन देत नाहीत. अध्यापन आणि स्वतःचे संशोधन सांभाळून हे काम करायचे असल्याने नकार पुष्कळ येतात. निबंध महिनोन्‌महिने अडकून पडला की लेखक परीक्षकाच्या आळसाला बोल लावतो. अनेकदा तोवर परीक्षक मिळालेलाच नसतो.

चांगल्या अभिप्रायाची घडण ठरलेली असते. सुरुवातीला परीक्षक निबंधाचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत चार-पाच ओळींत मांडतो. त्यावरून निबंध नीट वाचला गेला आहे हे संपादकाला कळते, आणि आपले म्हणणे कितपत पोचले हे लेखकाला कळते. मग मोठे आक्षेप येतात : तुलनेसाठी नियंत्रण गट नाही, नमुना लहान आहे, सहसंबंध दिसला तेवढ्यावर कार्यकारणभाव सांगितला आहे, उलट निष्कर्ष देणाऱ्या कामाची दखल घेतलेली नाही. शेवटी किरकोळ गोष्टी : अमुक आकृतीच्या उभ्या अक्षावर एकक लिहिलेले नाही, तमुक कोष्टकाची बेरीज जुळत नाही. लेखकाला दाखवायचा नाही असा मजकूर संपादकासाठी वेगळा लिहिता येतो. यात एक मर्यादा आहे, आणि वाचकांना ती क्वचितच ठाऊक असते. परीक्षक प्रयोग पुन्हा करून पाहत नाही, आणि प्रयोगशाळेच्या मूळ नोंदवह्याही सहसा त्याच्या हाती नसतात. लेखक प्रामाणिक आहे असे धरूनच तो पद्धत आणि तर्क तपासतो. म्हणूनच बनवलेली आकडेवारी या चाळणीतून सहज निसटते.

जसाच्या तसा स्वीकारला जाणारा निबंध विरळाच. नकार, ‘मेजर रिव्हिजन’ किंवा ‘मायनर रिव्हिजन’ असे उत्तर येते. दुरुस्त्या मागितल्या की लेखक सुधारित निबंधासोबत मुद्देवार उत्तर जोडतो : आधी परीक्षकाचा आक्षेप, त्याखाली आपले म्हणणे, आणि कोणत्या पानावर काय बदलले त्याची नोंद. न पटलेल्या मुद्द्यावर सकारण असहमती दाखवता येते. नवख्या संशोधकांना हे कोणी सांगत नाही, आणि ते चुकीच्या सूचनाही निमूटपणे मान्य करून चांगला निबंध बिघडवतात. परीक्षकांची मते परस्परविरुद्ध असतील तर संपादक आणखी एकाला विचारतो किंवा स्वतः वाचून ठरवतो. केवळ मतांची बेरीज करून निकाल देणारा संपादक आपले काम टाळत असतो.

या पद्धतीचा इतिहास लंडनच्या रॉयल सोसायटीत चांगला पाहता येतो. तिचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी मार्च १६६५ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले, तेव्हा काय छापायचे हे तेच ठरवत. १७५२ मध्ये सोसायटीने पत्रिका आपल्या ताब्यात घेतली आणि निवडीचे काम एका समितीकडे दिले. लेखी अभिप्रायांची प्रथा १८३०च्या दशकाच्या आरंभी विल्यम ह्यूएल यांच्या पुढाकाराने पडली. जॉर्ज एअरी यांच्या खगोलशास्त्रीय निबंधावर ह्यूएल आणि जॉन लबक यांनी मिळून मत द्यायचे होते, पण पहिल्याच खेपेस दोघांचे जमले नाही. ह्यूएल यांना कामाचे महत्त्व सांगायचे होते, लबक यांना चुका दाखवायच्या होत्या. परीक्षकाने यांपैकी काय करावे, हा वाद आजही मिटलेला नाही.

याच सोसायटीतले एक प्रकरण मुंबईशी जोडलेले आहे. जॉन जेम्स वॉटरस्टन हे स्कॉटिश गृहस्थ मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलातील कॅडेटांना शिकवत. १८४५ मध्ये त्यांनी तिथून सोसायटीकडे एक निबंध पाठवला. वायूचा दाब आणि तापमान हे त्याच्या रेणूंच्या अविरत हालचालीचे परिणाम आहेत, असे गणिताने दाखवण्याचा त्यात प्रयत्न होता. एका परीक्षकाने तो निव्वळ अर्थहीन, सोसायटीपुढे वाचण्याच्याही लायकीचा नाही, असा शेरा मारला. वॉटरस्टन यांनी स्वतःजवळ प्रत ठेवली नव्हती, आणि सोसायटी निबंध परत देत नसे. पुढे क्लाउझियुस आणि मॅक्सवेल यांच्या कामातून वायूंचा हाच सिद्धान्त उभा राहिला. वॉटरस्टन १८८३ मध्ये वारले. सोसायटीचे सचिव लॉर्ड रॅली यांना १८९१ मध्ये दप्तरात तो निबंध सापडला, आणि पुढच्या वर्षी तो त्याच पत्रिकेत छापला गेला. रॅली यांनी प्रस्तावनेत नवोदितांना सल्ला दिला की, आधी मर्यादित आवाक्याच्या, सहज पारखता येणाऱ्या कामाने ओळख मिळवावी. सल्ला व्यवहाराचा आहे. पण लेखक कोण, कुठला, यावरून निबंध तोलण्याचा दोष तो लेखकाच्याच माथी टाकतो.

उलट उदाहरण आइन्स्टाइन यांचे. गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नाहीत असा निष्कर्ष असलेला निबंध त्यांनी आणि नेथन रोझेन यांनी १९३६ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठवला. संपादक जॉन टेट यांनी तो परीक्षकाला दाखवला आणि चुका दाखवणारा सविस्तर अभिप्राय लेखकांकडे धाडला. छापण्याआधी निबंध तिसऱ्याला दाखवलाच कसा, म्हणून आइन्स्टाइन यांनी रागाने तो मागे घेतला. हे परीक्षक हॉवर्ड रॉबर्टसन होते, हे पुढे पत्रिकेच्या नोंदींवरून सिद्ध झाले. त्यांचा आक्षेप बरोबर होता. निबंध १९३७ मध्ये दुसऱ्या पत्रिकेत आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. आइन्स्टाइन यांचा संताप आज विचित्र वाटतो, पण बाहेरच्या परीक्षकाची सक्ती तेव्हा सार्वत्रिक नव्हती. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरील १९५३चा निबंध ‘नेचर’ने परीक्षकांकडे न पाठवता छापला, त्या पत्रिकेत ही पद्धत सक्तीची झाली ती १९७३ पासून.

एकतर्फी गोपनीय परीक्षणात लेखकाला परीक्षक कळत नाही, दुतर्फी गोपनीय परीक्षणात दोघांनाही एकमेकांची नावे कळत नाहीत. खुल्या पद्धतीत नावे उघड असतात किंवा अभिप्राय निबंधाबरोबर प्रसिद्ध होतात. नावाचा प्रभाव किती पडतो याची एक चाचणी प्रसिद्ध आहे. डग्लस पीटर्स आणि स्टीफन सेसी यांनी मानसशास्त्रातले आधीच छापून आलेले बारा निबंध अनोळखी लेखकांच्या आणि संस्थांच्या नावाने त्याच पत्रिकांकडे पुन्हा पाठवले. तीन पकडले गेले. उरलेल्या नऊंपैकी आठ नाकारले गेले. हे निष्कर्ष १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. परीक्षकांची नजर किती तीक्ष्ण असते, हेही तपासले गेले आहे. १९९८ मधील एका अभ्यासात मुद्दाम आठ दोष पेरलेला निबंध वैद्यकीय परीक्षकांना दिला, तेव्हा सरासरी दोनच दोष नोंदवले गेले. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये गोवराच्या एमएमआर लशीला स्वमग्नतेशी जोडणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा निबंध परीक्षणातून पार होऊन आला, तो मागे घ्यायला २०१० उजाडले.

भारतात या पद्धतीला सर्वांत मोठा धोका आहे तो परीक्षणाचे नाव सांगून पैसे घेणाऱ्या पत्रिकांचा. पदोन्नतीसाठी प्रकाशने मोजली जाऊ लागली आणि हा धंदा फोफावला. पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या १,००९ पत्रिका तपासल्या. २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ८८ टक्के पत्रिका निकृष्ट ठरल्या. त्यानंतर आयोगाची ‘केअर’ ही मान्य पत्रिकांची नवी यादी आली, तिच्या छाननीचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होत असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने हीही यादी बंद करून पत्रिका पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आणि संशोधकांवर टाकली. निबंध पाठवण्यापूर्वी संपादक मंडळातली माणसे खरी आहेत का, आणि आपण त्या मंडळात आहोत हे त्यांना माहीत आहे का, हे संशोधकाने स्वतः विचारून घ्यावे. शुल्क भरताच चार दिवसांत स्वीकृतिपत्र देणाऱ्या पत्रिकेत परीक्षण झालेले नसते.