सेवाग्रामची नई तालीम : बंद पडलेली शाळा परत कशी उभी राहिली?

मिहान : मिहानमध्ये आयआयएम आलं, एम्स आलं. पण खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुहीच्या ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी प्रकल्पात गेल्या, त्यांच्यातल्या पन्नाशीच्या माणसानं आता शिकायचं म्हटलं तर जायचं कुठं? याचं एक जुनं उत्तर वर्धा रोडनं पुढं गेलं की सेवाग्रामला सापडतं.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. हातानं काम करत, मातृभाषेत शिकायचं, हा विचार तिथं मांडला गेला. डॉ. झाकिर हुसेन समितीनं अभ्यासक्रम बनवला. सेवाग्रामचं काम आर्यनायकम आणि आशादेवी या दाम्पत्यानं सांभाळलं. १९४५ च्या परिषदेनंतर त्यात प्रौढ शिक्षणही आलं. प्रौढ शिक्षण म्हणजे नुसती सही नाही. आरोग्य, सफाई, धंदा, सगळंच.

शांतिनिकेतनमध्ये शिकलेले चित्रकार देवीप्रसाद १९४४ ते १९६२ इथं कला शिकवत होते. मातीकामातही त्यांचं मोठं नाव. कला हा रिकाम्या वेळेचा नाद नाही, शिक्षणाचा पायाच आहे, असं ते मानत.

एवढं असूनही १९७० च्या दशकात शाळा थांबली. सरकारनं नई तालीम नावापुरतीच घेतली होती, आणि नोकरीसाठी नेहमीच्या शाळेचाच दाखला चालायचा. बरेच कार्यकर्ते भूदानात गेले. पालकांना तरी काय दोष द्यायचा? पोराला नोकरी लागावी असं कोणाला वाटत नाही?

२००५ मध्ये नई तालीम समितीनं त्याच परिसरात 'आनंद निकेतन' ही मराठी माध्यमाची शाळा सुरू केली. नेहमीच्या विषयांसोबत सूतकताई, भाजीचे वाफे, स्वयंपाक, कला. मधे जवळपास तीस वर्षं गेली. म्हणून आमचं म्हणणं, शाळा चालू आहे तोवरच हलावं.

आपल्या गावची शाळा बंद होणार अशी कुणकुण लागली, तर आधी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावा. शिक्षण हक्क कायद्यानं तिच्यात पाऊण सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. मग ग्रामसभेत लेखी ठराव घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून पोच घ्यायला विसरू नका. तोंडी बोलणं कोणी धरत नाही.

प्रौढांसाठी 'उल्लास' हा केंद्राचा साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ असा आहे. वय १५ च्या वर हवं, वरची मर्यादा नाही. शिकवणारे स्वयंसेवक असतात, घरची सून किंवा नातूही चालतो. नोंदणीचं गावच्या शाळेतल्या गुरुजींना विचारा.