जॅक्स रेक: तळ्यावरची तिरकी वाट

ऑनसाइटला असताना एका शनिवारी लेक डिस्ट्रिक्टमधला जॅक्स रेक चढलो. पेव्ही आर्कच्या कड्यात उजवीकडून डावीकडे तिरकी चढत गेलेली खाच, खाली स्टिकल टार्न. (या तळ्याचा बांधही बंदुकीच्या दारूच्या कारखान्याला पाणी हवं म्हणून १८३८ मध्ये घातलेला!) वाट छोटीच, पण अर्ध्यावर पाय लटपटायला लागले.

याच डोंगराळ भागात १८८६ मध्ये हॅस्केट स्मिथ नेप्स नीडल हा सुळका एकटा, दोराशिवाय चढला. इंग्लंडात निव्वळ खेळ म्हणून कडे चढणं तिथून सुरू झालं असं मानतात. १९३६ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, तो पुन्हा चढला. यावेळी मात्र दोर बांधून. माझ्याकडे दोर नव्हता, पण तो शहाणपणाही नव्हता.

रात्री फोनवर आईला ‘तळ्याकाठी फिरून आलो’ एवढंच सांगितलं.